उष्टं पाकीट

शिन्चू शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्रावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. मुदत संपली की ते बदलायचं, पण खायचं मात्र कुणी नाही. पाइ युनचेनं ते खाल्लं. प्रोसेसर पाण्यानं थंड ठेवणारा त्याचा नवा कूलर माझ्याकडे चाचणीला होता. आधीचा मी नापास केला होता, आणि हाही पडला तर नारळ मिळेल असं साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्या काळजीत दुपारचं जेवण राहिलं, तेव्हा स्वारीनं त्याच कूलरवरचं पाकीट फोडून अर्धं फस्त केलं आणि दुमडून परत जागेवर ठेवलं.

"उष्टं ठेवलंस? लाज नाही वाटत?"

"अगं लियाव ताई, यंत्राला कुठं कळतंय!"

दुसऱ्या दिवसापासून आकडे दृष्ट लागावी इतके सुरेख येऊ लागले. प्रोसेसरवर कितीही भार टाका, तापमान माणसाच्या अंगाच्या उबेपुढे सरकेना. युनचे खुशीत होता. मला मात्र यंत्र बंद असतानाही नळी कोमट लागली, आणि झाकण उघडलं तेव्हा आतलं पाणी, जे नितळ असायला हवं होतं, ते गढूळ होऊन बोटाबरोबर तार धरून वर आलं. वास सकाळच्या न धुतलेल्या तोंडाचा होता. इतकी किळस मला उभ्या आयुष्यात कशाची आली नव्हती.

"हे मी पास करणार नाही."

"आकडे बघ ना ताई! वासाचा रकाना आहे का तुझ्या तक्त्यात? पाया पडतो तुझ्या, एवढी सही..."

मी नळी सोडवून सगळं बादलीत काढायला घेतलं. शेवटची धार पडली आणि युनचेचा आवाज मध्येच तुटला. वळून पाहिलं तर त्याची जीभ टाळूला चिकटली होती, ओठ तडकत होते, आणि मी घाईनं पाजलेलं पाणी घशाखाली न उतरता हनुवटीवरून ओघळत होतं. त्याचा श्वास अडकू लागला. मग तो गुडघ्यांवर बसला आणि मला काही सुचायच्या आत त्यानं बादलीत तोंड घातलं.

ते घोट मला ऐकू येत होते.

"ताई," ओठ पुसत तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, "उरलेलं यंत्रात परत ओत ना. वाढेल ते."

मी सही केली. नापास झालेला नमुना त्याच संध्याकाळी मोडीत काढतात, आणि युनचेला आता रोज एक पेला लागतो.