सातवी काच, आतली बाजू

काचवाल्याला त्याची बायको मंगळवारी संध्याकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये सापडली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. तसं काही झालेलं नाही. आत्ता कुठे पाच वाजताहेत, काचवाला हेल्मेटवरचा कॅमेरा काढून मांडीवर घेऊन बसला आहे आणि कॉम्प्युटर केबल ओळखायलाच तयार नाही.

"उलटी लावून बघा, काका," सेफ्टीच्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या. वय सव्वीस, बत्तीस मजल्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर होती.

"उलटीच लावली होती."

"मग सुलटी लावा."

सुलटी लागली. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकला.

हे कॅमेरा प्रकरण तीन वर्षांपूर्वीचं. वरून एक बादली एका साहेबांच्या गाडीवर पडली. बादली कोणाची ते ठरेना. चौकशीत बादली सोडून सगळ्यांचे जबाब झाले. तेव्हापासून दोरावर लटकून काचा पुसणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर कॅमेरा आला. दिवसभराचं चित्रण संध्याकाळी कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं आणि कॅमेरा रिकामा करायचा, असा नियम झाला. त्यानंतर एकही बादली पडली नाही, त्यामुळे ते चित्रण कोणी कधी पाहिलंही नाही.

"मॅडम, एक काम होतं. शुक्रवारी मी रिटायर होतोय."

"माहितीये. केक सांगितलाय."

"केक नको. एखादा जुना मंगळवार मिळेल का?"

मॅडमनी मान वर केली. "कुठला?"

"कुठलाही. दहा महिन्यांच्या आधीचा."

मंगळवार म्हणजे चौदावा मजला. तिथे काचवाल्याची बायको आतून साफसफाई करायची. काच एकच; बाहेरून हा, आतून ती. बावीस वर्षं. काचेतून आवाज जात नसे, त्यामुळे संसारातला सगळ्यात सुखाचा वेळ तोच, यावर दोघांचं एकमत होतं. लहानपणी दारात सापडून तिची करंगळी वाकडी झाली होती. त्या वाकड्या करंगळीने ती काचेवर टकटक करायची: इथे डाग राहिलाय. हा मान हलवायचा: माझ्या बाजूने नाही. मग घरी खटला पुढे चालायचा.

"अहो, डाग बाहेरून होता."

"अगं, आतून होता. मी बाहेरच होतो ना?"

"बाहेरच असता तुम्ही. म्हणून तर आतलं काही कळत नाही."

मग तिला ताप आला, उतरला, परत आला आणि जाताना तिला घेऊन गेला. त्याच महिन्यात चौदाव्या मजल्यावरची कंपनीही उठली. मजला ओस पडला.

घरी तिचा एकच फोटो होता. त्यात ती 'बोट बाजूला घ्या' असं सांगत होती, आणि अर्ध्या फोटोत ते बोटच होतं. पण काचवाला निश्चिंत होता. कॅमेरा आल्यापासून ती जाईपर्यंतच्या प्रत्येक मंगळवारची दोन-दोन मिनिटं ती या डब्यात असणारच. माळ्यावर नीट बांधून ठेवलेल्या वस्तूची कोणी घाई करतं का?

"असेल की," मॅडम खुर्ची सरकवत त्याच्या शेजारी आल्या. "आधी आजचं उतरू दे."

पडद्यावर एक चौकट उमटली. काचवाल्याचं बोट सवयीने पुढे झालं.

"थांबा! हे रोज विचारतं?"

"रोज."

"आणि तुम्ही काय करता?"

"हो म्हणतो."

मॅडमनी चौकट मोठ्याने वाचली. या नावाची फाईल आधीच आहे. जुनी काढून तिच्या जागी नवी ठेवू का?

"कॅमेरा रोज रिकामा होतो ना, काका. म्हणून तो रोज एक नंबरपासून मोजतो. नाव तेच. तुम्ही हो म्हटलं की आदल्या दिवसाचं पुसलं जातं." त्यांनी फोल्डर उघडून दाखवलं. आत एकच फाईल होती. कालची. "पण तुम्हाला हे शिकवलं कोणी?"

"तुम्हीच. 'काका, काहीही विचारलं तर हो म्हणायचं.' माझा तीस वर्षांचा संसार, मला वेगळं शिकावं लागलं नाही."

मॅडम हसल्या नाहीत. काचवालाही हसला नाही. तीन वर्षं हा माणूस दिवसभर काचा पुसत होता आणि संध्याकाळी इथे येऊन बायको पुसत होता. दोन्ही कामं चोख.

"आज 'नको' म्हणू या," मॅडम हळूच म्हणाल्या. "दोन्ही ठेव म्हणू."

दोन्ही राहिल्या. आजच्या फाईलमध्ये चौदावा मजला होता, काचवाल्याचा शेवटचा मंगळवार. त्यांनी तो लावला.

पडद्यावर आकाश उघडलं. ढग काचेतून आत शिरले, रिकाम्या टेबलांमधून फिरले, एका खुर्चीवर जरा टेकून पुढे गेले. मध्येच हेल्मेट घातलेला एक म्हातारा पाण्याखालून वर यावा तसा काचेत तरंगत आला आणि स्वतःकडे बघत राहिला. पाचवी काच. सहावी. सातवीवर त्याचा हात फडका घेऊन एकाच जागी गोल गोल फिरू लागला.

"हा एक डाग आहे, जात नाही," काचवाला म्हणाला. "दहा महिने घासतोय. रजिस्टरमध्येही लिहिलंय."

"थांबवू?"

चित्र थांबलं. ऊन तिरकं होतं. ढगाच्या बरोबर मध्ये, आतल्या बाजूने, एक तळवा उमटला होता. काचेला टेकून दुसऱ्या हाताने वरचा कोपरा पुसताना उमटावा तसा. चार बोटं सरळ. करंगळी वाकडी.

काचवाल्याने पडद्यावर आपला हात ठेवला. मग पडदा खराब होईल म्हणून काढला आणि बाहीने तिथे पुसलं.

"तिथे सोमवारी नवी कंपनी येतेय," मॅडम म्हणाल्या.

"हो."

मग मॅडमनी कीबोर्ड पुढे ओढला. काचवाला सांगत गेला, त्या टाईप करत गेल्या.

प्रति, इमारत व्यवस्थापक. विषय: चौदाव्या मजल्यावरील पूर्वेकडील सातवी काच आतून न पुसण्याबाबत. महोदय, सदर काचेवर एक डाग आहे. तो आतूनच असल्याचे आता सिद्ध झाले आहे. तरीही, डाग आतून असतो हा अर्जदाराचा पत्नीपुढील पूर्वीचा आग्रह रद्द समजावा व डाग बाहेरून असल्याचे धरून चालावे. बाहेरील बाजू शुक्रवारपर्यंत अर्जदार स्वतः सांभाळेल. आतील बाजूस कोणीही हात लावू नये, ही नम्र विनंती. सोमवारपूर्वी निर्णय कळवावा.