उसनी कातडी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. भाजी चिरणारी नव्हे आणि पेन्सिलीला टोक काढणारीही नव्हे. मी माणसाच्या अंगावरची कातडी सोलते. दचकलात ना? मला पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण दचकतो.

माझे पाते हातभर लांब आहे. पात्याला समांतर असा एक बारीक रूळ आहे आणि टोकाला स्क्रू. स्क्रू पिळला की रूळ आणि पाते यांच्यातली फट कमी-जास्त होते, आणि तेवढ्याच जाडीची कातडी निघते. विलायतेतल्या पोलादाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. आगबोटीने मी मुंबईला आले आणि परळच्या एका रुग्णालयात डॉक्टर गुप्ते यांच्या हाती पडले. गिरणीत वाफेने भाजलेले कामगार, स्टोव्हच्या भडक्यात सापडलेल्या बायका आमच्याकडे येत. त्यांच्याच मांडीवरून मी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ कातडी काढून देई आणि डॉक्टर ती जखमेवर पसरत. जखम झाकली जाई, माणूस वाचे. काम संपले की डॉक्टर मला स्वतः पुसत आणि म्हणत, "इतका हलका हात माझासुद्धा नाही." मला फार अभिमान वाटे.

मग छप्पन्न सालचा जानेवारी महिना आला.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहणार, असे रेडिओवर जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी गिरण्यांचे भोंगे झाले, पण फाटकातून आत कोणी गेले नाही. लालबाग, परळ, दादर, गिरगाव, सगळीकडे माणसे रस्त्यावर उतरली. दगड आले, सोड्याच्या बाटल्या आल्या, त्यांच्यावर लाठ्या आल्या, अश्रुधूर आला आणि शेवटी गोळ्या आल्या. ऑपरेशन थिएटरमधल्या ट्रेमधून मला रस्ता दिसत नसे. दारातून आत काय येते तेवढेच दिसे, बाकीचे माणसांच्या बोलण्यातून कळे. जबडा फुटलेला म्हातारा आला. पोट दोन्ही हातांनी दाबून धरलेला, गिरणीत माग चालवणारा एक साचेवाला आला आणि हात सोडताच गेला. फरशी पुसायच्या बादलीतले पाणी लाल झाले की बदलत, आणि बदलेपर्यंत ते पुन्हा लाल होई.

त्याच गर्दीत शेवंती आली.

शेवंती मूळची मालवणकडची. आईवडील गावी होते. ती आणि तिचा थोरला भाऊ दौलत लालबागच्या एका चाळीत राहत. दौलत साच्यावर होता, शेवंती गिरणीच्या सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यात. त्या दिवशी पोलीस चाळीत शिरले, तेव्हा ती स्टोव्हवर भात शिजवत होती. अश्रुधुराचे नळकांडे खिडकीची काच फोडून खोलीत पडले. डोळ्यांपुढे अंधारी आली, ती धडपडली आणि पेटता स्टोव्ह तिच्या अंगावर कलंडला. दौलत जिन्यावरून धावत वर आला, तेव्हा तिचे लुगडे मशालीसारखे जळत होते. त्याने तिला गोधडीत गुंडाळले. तिच्या खात्यातली तिची मैत्रीण बकुळा पलीकडच्याच चाळीत राहत असे. तिने खालच्या वखारीतून हातगाडी ओढून आणली. दोघांनी शेवंतीला गाडीवर घातले आणि चालू गोळीबारातून गाडी ढकलत परळला आणली. वाटेत दौलतच्या पाठीवर लाठ्या बसल्या. त्याने गाडी सोडली नाही.

"डॉक्टर, माझी भयण आसा," तो दारातच म्हणाला. "वाचवा तिका."

शेवंतीचे दोन्ही हात, छाती आणि गळा खोलवर भाजले होते; उजवी मांडी वरवर भाजली होती. मित्रांनो, कातडी गेली की शरीरातले पाणी झिरपून जाते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. डॉक्टरांनी दोन दिवस तिला सलाईनवर सांभाळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जळलेला भाग काढून टाकला आणि मला हातात घेतले. तिची डावी मांडी तेवढी शाबूत होती. मी तिथून निघेल तेवढी कातडी काढली. ती गळ्याला आणि डाव्या हाताला पुरली. उजवा हात आणि छाती उघडीच राहिली.

शेवंतीला वॉर्डात नेले आणि लगेच त्याच टेबलावर शिवा नावाचा एक पोलीस शिपाई आणला गेला. दगडाने त्याचे डोके फुटले होते. बाहेर व्हरांड्यात दौलत भिंतीला टेकून उभा होता. त्याला खाकी कपडे दिसले.

दार धाडकन उघडले. त्याने ट्रेवर झडप घातली आणि त्याच्या मुठीत मी आले. माझ्यावर अजून शेवंतीचे रक्त होते.

"ह्येंनीच जाळल्यानी तिका! मी सोडूचंय नाय ह्येका!"

कौसल्या सिस्टर मध्ये पडल्या. त्यांनी दोन्ही हातांनी दौलतचे मनगट धरले. शिपायाच्या गळ्यावर येणारा वार खाली घसरला आणि मी त्याच्या दंडात शिरले. डॉक्टरांच्या हातात मी केसभर जाडीची कातडी काढते. त्या दिवशी मी मांसाची लांबच्या लांब फाक काढली. रक्ताची चिळकांडी सिस्टरांच्या पांढऱ्या टोपीवर उडाली.

"आई गं! मेलो गं आई!" शिपाई ओरडला.

दौलत थबकला. गेले तीन दिवस शेवंती वॉर्डात हीच हाक मारत होती. त्याची मूठ सैल झाली आणि मी फरशीवर खणकन पडले.

गलका ऐकून खालून एक फौजदार पिस्तूल काढून वर आला. "काय झालं? कुणी मारलं याला?"

दौलत पुढे होणार तोच टेबलावरून शिवा म्हणाला, "काच लागली, साहेब. दार उघडताना दाराची काच लागली."

दाराला काच नव्हती. फौजदाराने दाराकडे पाहिले, डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टर शिपायाचा दंड शिवत होते, त्यांनी मान वर केली नाही. फौजदार निघून गेला.

"का वाचवलंस त्याला?" सिस्टरांनी हळूच विचारले.

"परवा लालबागला मी पण नळकांडी मारली होती," शिवा म्हणाला. "कुणाच्या घरात पडली ते बघायला कोण थांबतंय?" मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

शेवटचा टाका घालून डॉक्टर दौलतकडे वळले. तो कोपऱ्यात उकिडवा बसला होता. मला वाटले, आता डॉक्टर त्याला फाडून खातील. ते म्हणाले, "कातडीच कापायची आहे ना तुला? तुझ्या बहिणीला कातडी कमी पडते आहे. देतोस?"

"किती होयी तितकी काढा," दौलत म्हणाला.

"आधी ऐकून घे. तुझी कातडी तिच्या अंगावर टिकणार नाही. शरीर परक्याला ओळखतं, मग तो सख्खा भाऊ का असेना. दोन-तीन आठवड्यांत ते ती टाकून देईल."

"मगे देवन उपयोग काय?"

"तेवढे दिवस जखम झाकलेली राहील. हरळी बघितली आहेस ना? वरून छाटली तर पुन्हा येते, कारण मुळं जमिनीत असतात. मुळासकट जळली तर येत नाही. तिचा उजवा हात आणि छाती मुळासकट जळली आहे. पण मांडीवरून आपण फक्त वरची कातडी घेतली. खाली केसांच्या मुळांशी जिवंत बी शिल्लक आहे. तीन आठवड्यांत तिथं तिची स्वतःची नवी कातडी येईल. मग तीच पुन्हा काढून हातावर आणि छातीवर लावू. तोवर तिला जगवायचं आहे, आणि ते तुझ्या कातडीनं होईल."

दौलत उठला आणि स्वतःच टेबलावर आडवा झाला. मला धुतले, उकळले. डॉक्टरांनी स्क्रू बसवला, त्याच्या मांडीला तेल लावले, सिस्टरांनी लाकडी पट्टीने कातडी ताणून धरली. अर्ध्या तासापूर्वी ज्याने मला शस्त्र केले, त्याच्याच अंगावरून मी सरकू लागले. दोन्ही मांड्यांवरची कातडी निघाली. संध्याकाळपर्यंत शेवंतीचा उजवा हात आणि छाती झाकली गेली. तिचा ताप उतरू लागला.

शहराचा ताप मात्र उतरत नव्हता. दौलत मांड्यांना पट्ट्या बांधून लंगडत रुग्णालय ते चाळ ये-जा करी. शेवंती दुसरे काही खात नसे, म्हणून बकुळा घरी पेज करून ठेवी. बकुळा आंबेडकरी घरातली. तिच्या हातची पेज नेण्यावरून चाळीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांनी नाके मुरडली होती. दौलतने त्यांच्यासमोरूनच डबा नेला.

एका दुपारी तो डबा घेऊन निघाला, बकुळाही बरोबर होती. नाक्यावर दगडफेक सुरू झाली आणि समोरून गोळ्या आल्या. दौलतच्या हातात दगड नव्हता. मांड्यांच्या जखमांमुळे त्याला पळता आले नाही.

चार माणसांनी त्याला एका फळीवर घालून आणले. चेहरा रक्ताने आणि धुळीने माखला होता. कोण आहे, ते कोणाला कळले नाही. सिस्टरांनी पायजमा कापला आणि मांड्यांवरच्या पट्ट्या दिसल्या. त्या डॉक्टरांनीच बांधल्या होत्या. डॉक्टरांचे हात क्षणभर हवेतच राहिले. मग त्यांनी चिमटे मागितले, टाके मागितले, रक्ताची बाटली मागितली. मला कोणी मागितले नाही. गोळी मानेतून आरपार गेली होती. मी ट्रेमध्ये पडून होते. थोड्या वेळाने टेबलाभोवतीची सगळी माणसे एकेक पाऊल मागे सरकली.

दारात बकुळा उभी होती. तिच्या हातात पेजेचा डबा होता. तो सांडला नव्हता.

"दादा कित्याक येणा नाय?" शेवंती रोज विचारी. तिची तब्येत नाजूक होती. सिस्टर काहीबाही सांगून वेळ मारून नेत. शेवटी बकुळाने तिच्या खाटेवर बसून खरे ते सांगितले. उजव्या हातावरच्या पट्टीकडे शेवंती बघत राहिली.

तिसरा आठवडा लागला आणि दौलतची कातडी कडेने काळी पडू लागली. मग सुटू लागली. डाव्या मांडीवर मात्र तिची स्वतःची नवी, गुलाबी कातडी आली होती. वेळ दवडून चालणार नव्हते. शेवंतीला टेबलावर आणले. डॉक्टर पट्टी सोडायला वाकले आणि तिने डाव्या हाताने उजवा हात पोटाशी घट्ट धरला.

"हात लाव नकात! ती माझ्या दादाची आसा. तेवढीच रवली हा."

डॉक्टरांनी समजावले. ही आता मेली आहे, हिचे विष अंगात भिनेल, हात जाईल, जीवही जाईल. शेवंतीने ओठ घट्ट मिटले आणि मानेनेच नाही म्हटले. जबरदस्ती करणे कोणालाच नको वाटत होते. अखेर सिस्टरांनी बकुळाला आत आणले.

"शेवंते," बकुळा म्हणाली, "दौलतदादानं ही तुला जपून ठेवायला दिली काय गं? तुझी उगवेपर्यंत दिली. तुझी उगवलीय. आता तू मेलीस, तर त्यानं फुकट सोलून घेतलं अंग."

मग शेवंतीने हात पुढे केला. "पयली मी काढतंय," ती म्हणाली. तिने आपल्याच बोटांनी एक कड उचलली आणि डोळे मिटले. तिला भूल दिली गेली. मी तिच्या मांडीवरून नवी कातडी काढली आणि डॉक्टरांनी ती उजव्या हातावर आणि छातीवर बसवली.

दौलतची कातडी सिस्टरांनी पांढऱ्या कापसात गुंडाळून बकुळाला दिली. बकुळा ती घेऊन भोईवाड्याच्या स्मशानात गेली. बायका स्मशानात येत नाहीत, असे तिथल्या माणसाने सांगितले. "मग तू माझ्याबरोबर चल आणि अग्नी दे," ती म्हणाली. त्याने दिला.

शेवंती वाचली. तिची बोटे थोडी ताठ राहिली, पण ती पुन्हा वाइंडिंग खात्यात कामाला लागली. साठ साली महाराष्ट्र राज्य झाले, त्या दिवसांत ती कोपराचा आकसलेला व्रण सोडवून घ्यायला आली होती. खाली रस्त्यावर ढोल-ताशे वाजत होते. "दादा असतो तर नाचलो असतो," एवढेच ती बोलली. मग तिने हात टेबलावर ठेवला.

पुढे विजेवर चालणारी यंत्रे आली, डॉक्टर गुप्ते निवृत्त झाले आणि मला काचेच्या कपाटात ठेवले. कित्येक वर्षे कोणी कपाट उघडलेसुद्धा नाही. माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके आले. आता इथे शिकवणाऱ्या डॉक्टर शैला विद्यार्थ्यांना घेऊन कपाटापाशी येतात, तेव्हा मी कान देऊन ऐकते. डॉक्टर गुप्ते ज्याला बी म्हणत, त्याला मूळपेशी म्हणतात, हे मला तिथेच कळले. टपालाच्या तिकिटाएवढ्या कातडीतल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवून आता कातडीचे मोठे तुकडे तयार करता येतात. डोळ्याच्या कडेच्या मूळपेशी वाढवून भाजलेल्या डोळ्यांना पुन्हा दृष्टी देता येते. हे ऐकून मला माझ्या गंजाचे दुःख वाटेनासे होते.

पण त्या आणखी एक गोष्ट सांगतात. प्रयोगशाळेत कातडी वाढायला आजही तीन-एक आठवडे लागतात. तेवढे दिवस जखमेवर पांघरायला दुसऱ्या माणसाची कातडी लागतेच. ती आता जिवंत भावाला द्यावी लागत नाही. घरच्यांनी होकार दिला की माणसाच्या मृत्यूनंतर काही तासांत, पाठीची आणि मांड्यांची अगदी वरची पातळ कातडी घेतात; याला त्वचादान म्हणतात. चेहऱ्याला धक्का लागत नाही, घरच्यांना अंत्यदर्शन नेहमीसारखेच घेता येते.

म्हणून मित्रांनो, आज जेवताना घरातल्या मोठ्या माणसांपाशी त्वचादानाचा विषय काढा. ते रागावतील, "जेवताना हे काय भलतंच," म्हणतील. तरी काढा. या घटकेला कुठल्या तरी वॉर्डात एखादी मुलगी उघड्या अंगाने पडली आहे, आणि तिला पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही.