फुकटचा बातमीदार

ओग्नेनची बातमी शुक्रवारी गावच्या साप्ताहिकात छापून आली आणि शनिवारी भर दुपारी गोय्को ओग्नेनच्या बापाच्या खाटकाच्या दुकानात शिरला. बरोबर दोन धटिंगण. त्यांचे चेहरे बघूनच गिऱ्हाइकं पायाला पाय लावून पळाली.

बातमी होती जुन्या वीटभट्टीत चालणाऱ्या कुत्र्यांच्या झुंजींची. ओग्नेननं तिथं भिंतीआड पडून सगळं पाहिलं होतं. जबडा फाटलेली एक पांढरी कुत्री पुन्हा पुन्हा अंगावर जात होती, आणि हरल्यावर तिच्या मालकानं, म्हणजे गोय्कोनं, फावड्यानं तिचं डोकं ठेचलं होतं. मोरावा नदीकाठच्या त्या गावात गोय्कोचं नाव छापायची छाती आजवर कुणाला झाली नव्हती. ओग्नेननं ते छापलं, खाली स्वतःचंही घातलं. साप्ताहिकाकडून त्याला मिळत होतं ते तेवढंच.

"नाव चाटून पोट भरतं का रे?" बाप मिलोये येता-जाता टोमणा मारायचा. "आपला कुत्रासुद्धा हाडकाशिवाय भुंकत नाही."

"कुठाय तो लेखक?" त्या शनिवारी दुकानात शिरताच गोय्कोनं विचारलं.

"मीच," ओग्नेन म्हणाला.

पहिला ठोसा नाकावर बसला. तो फरशीवर कोसळला तसा लाथांचा पाऊस सुरू झाला, बरगड्यांवर, पोटात, तोंडावर. मग दोघांनी त्याला ओढत मांस तोडायच्या ओंडक्यापाशी आणलं आणि त्याचा उजवा हात त्यावर दाबून धरला. गोय्कोनं हातोडा उचलला.

"आता लिही."

हाडं मोडल्याचा आवाज मिलोयेनं जन्मभर ऐकला होता. आतापर्यंत तो खांबासारखा उभा होता. हा आवाज कानावर पडला आणि त्यानं भिंतीवरचा लोखंडी आकडा उपसून गोय्कोच्या खांद्यात घुसवला. गोय्को डुकरासारखा किंचाळला. ओंडक्यावर दोघांचं रक्त एक झालं.

दवाखान्यात फौजदार आला, पाठोपाठ संपादक राडोय्काबाई आल्या.

"हा तुमचा बातमीदार का, बाई?" फौजदारानं विचारलं. "पत्रकारावर हल्ला असेल तर गोय्को आत जाईल. नसेल तर ही दुकानातली मारामारी, आणि आकड्याबद्दल बापावरही गुन्हा."

बाईंनी ओग्नेनकडं बघायचं टाळलं. "करार नाही त्याच्याशी. हौशी मुलगा आहे. आणून द्यायचा, मी छापायचे."

"हौस?" मिलोये उसळला. "त्याच्या हाताकडं बघा की जरा! हौसेनं मोडून घेतलाय तो? पैसे दिले नाहीत म्हणून काम करत नव्हता काय माझा पोरगा?"

ओग्नेननं चमकून बापाकडं बघितलं. बापानं त्याच्या लिहिण्याला काम म्हटल्याचं तो पहिल्यांदाच ऐकत होता.

फौजदार गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या. "करार न करता माणूस राबवला असं कबूल केलं तर दंडातच आपलं साप्ताहिक बुडेल रे. मी तरी कुठं पगार घेते? शिकवण्या करून छापखान्याचा खर्च भागवते."

"साप्ताहिक तुमचं आहे, बाई," ओग्नेन फुटक्या ओठांनी म्हणाला. "बुडालं तर तुमचं बुडेल, तरलं तर तुमचं तरेल. माझा नुसता हात गेला."

बाई उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जबाब बदलला: मुलगा माझाच बातमीदार, मीच त्याला वीटभट्टीवर पाठवला होता. त्याच आठवड्यात गोय्कोच्या माणसांनी कचेरीच्या काचा फोडल्या, यंत्रांवर घण घातले. अडवायला गेलेल्या बाईंना केसांना धरून जिन्यावरून खाली फेकलं. त्यांचं मनगट पिचलं, पण जबाब त्यांनी मागं घेतला नाही.

गोय्को तुरुंगात गेला. मिलोये सुटला. साप्ताहिक मात्र दंड आणि मोडतोडीतून उठलंच नाही.

ओग्नेनची बोटं आता पुरती मिटत नाहीत. तो दुकानात डाव्या हातानं वजनं करतो. परवा नदीपलीकडचा एक म्हातारा आला आणि काउंटरवर वाकून कुजबुजला, "झुंजी आमच्या गावात सुरू झाल्यात, पोरा. तू नाही लिहिणार तर कोण?"

"छापणार कोण?" ओग्नेननं विचारलं. "आणि मला देणार काय? ते आधी सांगा, काका."

म्हातारा ओशाळून निघून गेला. कोकराच्या मांडीवर सुरी तशीच टेकवून ओग्नेन उभा राहिला. आपण बरोबर बोललो हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याला त्या दुपारी जेवण गेलं नाही.