सिग्नेच्या गुणपत्रकावरचा शिक्का

मित्रांनो, मी एका शाळेचा जुना शिक्का आहे. शाईचा नव्हे, बिडाचा. माझ्या दोन पितळी चकत्यांमध्ये कागद धरून दांडा दाबला, की कागदावर शाळेचं नाव उठून येतं. एका ओतशाळेत माझा जन्म झाला. तिथून मला उत्तरेकडच्या मोठ्या सरोवराकाठच्या एका गावात आणलं. या गावात सहा महिने बर्फ असतो, आणि राहणारे बहुतेक सगळे फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांचे नातू-पणतू.

माझं काम वर्षातून दोनदा जोरात चाले. जानेवारीत आणि जूनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांची गुणपत्रकं विद्यापीठांकडे जात. माझ्या शिक्क्याशिवाय तो कागद खरा मानत नसत. म्हातारी माणसं नातवाच्या कागदावर बोट फिरवून म्हणत, "आमच्या घरात हे पहिल्यांदाच." तेव्हा मला आपण फार मोठे आहोत असं वाटे.

मी मार्गदर्शक शिक्षिका रूथ पेल्तो यांच्या टेबलावर असे. कुणी कोणता वर्ग घ्यावा, कुठे अर्ज करावा, हे मुलांना त्या सांगत. बाई प्रेमळ होत्या. त्यांच्या हातून जे झालं ते प्रेमानंच झालं, हे आधीच सांगून ठेवतो.

सिग्ने हेइकिनेन ही त्या वर्षीची सर्वांत हुशार मुलगी. तिला पूल बांधायचे होते. त्यासाठी दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठात अभियांत्रिकीला जायचं होतं. आई ती लहान असतानाच वारली होती. वडील, अर्विड, लाकूडगिरणीत कामाला. बाईंच्या सांगण्यावरून तिनं गणिताचा प्रगत वर्ग घेतला. तो वर्ग म्हणजे महाविद्यालयाचं गणित शाळेतच शिकायचं. साध्या वर्गातल्या 'ए'ला चार गुण धरत, तिथल्या 'ए'ला पाच.

सप्टेंबरच्या शेवटी ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, मला साध्या गणितात जायचंय."

"का गं? अवघड जातंय?"

"नाही. वेळ पुरत नाही."

"वेळ मलाही पुरत नाही, म्हणून मी काय शाळा सोडली?" बाई हसल्या. "हे बघ, विद्यापीठवाले आधी काय बघतात? सगळ्यात अवघड होतं ते पोरीनं घेतलं की पळ काढला. सोप्या वर्गातल्या 'ए'पेक्षा अवघड वर्गातला 'बी' बरा."

"आणि 'डी' आला तर?"

"तुला? 'डी'? वेडी कुठली! काय झालंय तरी काय?"

"काही नाही," सिग्ने म्हणाली आणि गेली.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी वर्ग बदलायची मुदत संपली. त्याच आठवड्यात अर्विडच्या फुप्फुसात गाठ सापडली होती. ते बाईंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

डिसेंबरात विद्यापीठाचं पत्र आलं. आधीच्या वर्षांच्या गुणांवर प्रवेश मिळाला होता. फक्त शेवटचं वर्ष आधीच्याच तोडीचं जावं, एवढी अट होती. बाईंनी वेलदोड्याचा गोड पाव करून आणला. सिग्नेनं एकच तुकडा खाल्ला आणि दुसरा रुमालात बांधून वडिलांसाठी नेला.

जानेवारीत गुणपत्रक तयार झालं. इंग्रजी 'ए'. इतिहास 'ए'. प्रगत गणित 'डी', म्हणजे जेमतेम पास.

गणिताचा तास सकाळी पहिला. आठवड्यातले दोन दिवस सिग्ने पहाटे वडिलांना गाडीत घालून शंभर मैलांवरच्या रुग्णालयात नेत होती. गावात हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. उघड कुणी बोलत नव्हतं. आमच्या गावची ती रीत आहे. शेजारी दारासमोरचा बर्फ उपसून देतात, पण का उपसला ते सांगत नाहीत.

गुणपत्रकासोबतच्या फॉर्मवर बाईंसाठी एक चौकट असे: विद्यार्थ्याच्या कामगिरीवर परिणाम करणारी काही परिस्थिती असल्यास लिहावी. बाईंनी पेन उघडलं, आणि अर्विड आत आले. केवढा वाळला होता तो माणूस!

"बाई, माझं काही लिहू नका."

"अर्विड, लिहिलं नाही तर पोरीचं नुकसान होईल."

"माझ्या फुप्फुसांना कुणी प्रवेश देणार आहे का? मग त्यांचं नाव अर्जात कशाला?"

"चेष्टा नको. तुम्ही लोक ना, मरतानासुद्धा उठून दार ओढून घ्याल."

"उघडं ठेवलं तर थंडी आत येते, बाई." ते खोकत खोकत हसले. मग म्हणाले, "माझ्या आजारावर तिला जागा मिळाली, असं नको व्हायला. तिच्या डोक्यावर मिळू दे."

बाईंनी पेन बंद केलं. कागद माझ्यात सरकवला आणि दांडा दाबला. मित्रांनो, शिक्क्याला नाही म्हणता येत नाही.

फेब्रुवारीत विद्यापीठानं सिग्नेला गुण घसरल्याचा खुलासा मागितला. तिनं लिहिलेलं बाईंनी वाचलं. तीनच ओळी होत्या. गणितात मी कमी पडले. सांगण्यासारखं कारण नाही. पुढे जास्त मेहनत करीन.

"हे खोटं आहे, सिग्ने."

"खोटं कुठाय? कमी पडलेच ना मी?"

"अगं, पण तुझे बाबा..."

"बाबांनी नको म्हटलंय. ते आहेत तोवर तरी मी त्यांचं ऐकणार."

अर्विड एप्रिलमध्ये गेले. बर्फ वितळायला लागला होता. सिग्ने चौथ्या दिवशी वर्गात येऊन बसली. मे महिन्यातल्या परीक्षेत तिनं अर्धा पेपर कोरा ठेवला. जूनच्या गुणपत्रकात पुन्हा 'डी' होता.

या वेळी बाईंनी कुणालाही विचारलं नाही. चौकट भरली, मागची बाजू भरली, वर आणखी एक कागद जोडला. दांडा त्यांनी इतक्या जोरानं दाबला, की कागद फाटेल असं मला वाटलं.

जुलैमध्ये उत्तर आलं. भाषा अतिशय नम्र होती. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. ही माहिती वेळेवर मिळाली असती, तर विचार करता आला असता. प्रवेश रद्द करण्यात येत आहे.

बाईंना ते वाचून दाखवता येईना. सिग्नेनं स्वतःच वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "बाबांना कळलं नाही, तेवढं बरं झालं."

"माझं चुकलं गं. सप्टेंबरात तुला साध्या वर्गात जाऊ द्यायला हवं होतं."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, बाई."

"म्हणूनच तर. पुन्हा विचारायला हवं होतं."

सिग्ने लाकूडगिरणीच्या कचेरीत कामाला लागली. पुढच्या वर्षी जाईन, असं दोन वर्षं म्हणत होती. मग म्हणेनाशी झाली. बाईंनी नोकरी सोडली. गुणपत्रकं संगणकावरून जाऊ लागली आणि मला तळघरातल्या कपाटात ठेवलं. माझा दांडा गंजून अडकला आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या वर्गातल्या एखाद्या हुशार मुलीचे गुण अचानक उतरले, तर तिला काय झालं ते विचारा. ती 'काही नाही' म्हणेल. तेवढ्यावर उठून जाऊ नका. शेजारी बसा, आणि पुन्हा विचारा. आणि तुमच्याच घरात कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर ते एका तरी मोठ्या माणसाला सांगा. सप्टेंबरातच सांगा. जूनमध्ये मी कितीही जोरानं उमटलो, तरी त्याचा काही उपयोग होत नाही.