गुलाबी चिठ्ठी

मी सहा वर्षांची असताना पप्पांनी मला कंपनीत नेलं होतं. वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. विक्रोळीच्या त्या लांबलचक शेडमध्ये टाइपरायटर बनायचे आणि अगदी शेवटच्या टेबलावर माझे पप्पा तपासणीला बसायचे. प्रत्येक मशीनवर ते सगळी अक्षरं ओळीने उमटवायचे आणि कागद भिंगाखाली धरायचे. एखादा 'ळ' केसभर वर बसला तरी मशीन नापास. मग त्याला दोऱ्याने गुलाबी चिठ्ठी बांधायची आणि मशीन परत लाईनवर. पास झालेल्या मशीनचा नंबर तेवढा रजिस्टरात चढायचा.

त्या दिवसाचा तेलाचा वास आणि कळांचा कडकडाट मला अजून आठवतो. कंपनीने टाइपरायटर बनवणं केव्हाच बंद केलं. पप्पा दुसऱ्या खात्यात गेले, तिथूनच रिटायर झाले. आता ते सहासष्ट वर्षांचे आहेत आणि चार गोळ्या घेऊनही त्यांचं ब्लडप्रेशर खाली येत नाही. मागच्या वर्षी एका सकाळी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं सुन्न झाली. एमआरआयमध्ये मेंदूवर लहानसा डाग दिसला. पुढचा डाग लहान असेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

मी बायोफिजिक्समध्ये एमएस्सी केलंय आणि विलेपार्ल्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. या नव्या उपचाराची चाचणी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात चालू आहे हे मीच शोधून काढलं. किडनीकडे जाणाऱ्या धमनीभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं. ते फार उत्तेजित झालं की किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि प्रेशर चढतं. या चाचणीत त्या धमनीत एक स्टेंट बसवतात. कमरेला रोज अर्धा तास पट्टा लावायचा, त्यातून स्टेंटला ऊर्जा मिळते, आणि स्टेंट बारीक विद्युत स्पंदनं देऊन त्या मज्जातंतूंना शांत करतो. कापायचं नाही, जाळायचं नाही.

"स्टेंट हार्टला बसवतात ना गं माधुरी?" आई म्हणाली. "प्रेशर डोक्याला, स्टेंट किडनीला. तुमच्या सायन्सचं काही खरं नाही."

"शकु, तू गप बस," पप्पा म्हणाले. "पोरगी शिकलीय."

चाचणीत जायला एक अट होती. चौदा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा प्रेशर मोजून डायरीत लिहायचं, आणि सरासरी एकशे पस्तीसच्या वर असली तरच पेशंट आत. पप्पा रोज नेमाने मोजत होते. मी सकाळी सातला घर सोडते, रात्री आठला परतते, त्यामुळे मोजताना मी कधी समोर नव्हते.

पंधराव्या दिवशी चाचणीच्या डॉक्टर, डॉ. जयंतींनी डायरी उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"काका, सरासरी एकशे एकतीस! म्हणजे प्रेशर फक्त हॉस्पिटलात आल्यावर चढतं तुमचं. चांगली गोष्ट आहे. स्टेंटची गरज नाही."

पप्पा खूश झाले. बोर्डाचा निकाल लागल्यासारखे.

मी डायरी घेतली. छप्पन्न आकडे, आणि एकही एकशे पस्तीसच्या वर नाही. एवढी शिस्त खऱ्या मोजमापात नसते. घरी येऊन मी प्रेशरच्या मशीनचं मेमरीचं बटण दाबलं. १५६. १४९. १६१. १४४. मग १३३. डायरीत फक्त १३३.

"पप्पा, हे काय आहे?"

"तपासणी."

"एका वेळी पाच-पाच?"

"पास होईस्तोवर. बाईच बोलल्या ना पहिल्या दिवशी, एकशे पस्तीसच्या आत पायजे?"

"ते उपचाराने कुठवर आणायचं ते सांगितलं त्यांनी! डायरीत जे पहिलं येईल ते लिहायचं होतं. पाच वेळा फासे टाकले की एकदा हवं ते दान पडणारच की."

"नापास माल रजिस्टरात चढवू?" पप्पांचा आवाज चढला. "बत्तीस वर्षांत नाही चढवला."

"बत्तीस वर्षं मशिनी तपासल्या, आता स्वतःला तपासतायत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला नका तपासायला घेऊ म्हणजे झालं."

पप्पा उठले. कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. आत गुलाबी चिठ्ठ्या होत्या, घोटीव कागदाच्या, सारख्या मापाने कापलेल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि एक आकडा. सुन्न बोटांनी लिहिलेलं ते अक्षर थोडं कलंडलं होतं. शंभरावर चिठ्ठ्या होत्या.

"मी काय लपवलं नाही," ते म्हणाले. "खोटं लिवलं असं वाटलं ना तुला?"

वाटलं होतं. मशीनच्या मेमरीशी मी एकेक चिठ्ठी ताडून पाहिली. एकही आकडा चुकीचा नव्हता.

डॉ. जयंतींना फोन केला. त्या आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या. चिठ्ठ्या चालणार नाहीत, नियमात बसत नाही. पण भरती बंद व्हायला पंधरा दिवस आहेत. उद्या सकाळपासून नवी डायरी. पहिली दोन मोजमापं, जशी येतील तशी, आणि मशीनची मेमरी त्या स्वतः बघणार. एक दिवस चुकला तरी संधी गेली.

मी दोन आठवडे कामावर रोज उशिरा जाण्याची परवानगी काढली. पहिल्या सकाळी पप्पा खुर्चीत ताठ बसले, पट्टा दंडाला, पाय जमिनीवर. मशीन घरघरलं आणि थांबलं. १५८.

पेन डायरीवर टेकलं, पण हललं नाही.

"पाच मिनिटांनी परत घेतो."

"नाही पप्पा."

"अगं, जिना चढून आलोय पेपर घेऊन."

"जिना चढून अर्धा तास झाला. लिहा."

ते लिहीनात. मी सरासरी समजावली, नमुना निवडताना होणारी चूक समजावली. त्यांना सगळं कळत होतं, हात मात्र चालत नव्हता. आणि मग मला ती शेड आठवली.

त्या दिवशी मी तिथे रडले होते. एका मशीनला पप्पांनी चिठ्ठी बांधली आणि मला वाटलं, त्याला शिक्षा झाली. पप्पांनी मला टेबलावर बसवलं होतं.

"पप्पा, लाईनवर माणिककाका होते ना? तुम्ही मला काय सांगितलं होतं तेव्हा?"

त्यांनी मान वर केली. "माणिक," ते हळूच म्हणाले. "डोळे मिटून स्प्रिंग बसवायचा. चिठ्ठी बघितली की पहिली मला शिवी, मग मशीनला हात."

"मला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं असंल काहीतरी."

"चिठ्ठी म्हणजे शिक्षा नाही. चिठ्ठी नसली तर माणिकला कळणार कसं, मशीनला कुठं दुखतंय?"

पप्पा टाइपरायटर खात्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल बोलू लागले, ज्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. त्या दिवशी टेबलावर एकही मशीन आलं नव्हतं. तरी ते आणि माणिक भोंगा होईपर्यंत समोरासमोर बसून राहिले होते. जाताना माणिकने कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्या पिशवीत टाकला होता. "घे, दादू. घरी बायकोला बांध."

"ऐकू येतंय मला," आई म्हणाली.

पप्पा हसले. "म्हंजे आता टेबलावर मीच." त्यांनी डायरी ओढली आणि लिहिलं, १५८. खाली दुसरं, १५४. पुढचे तेरा दिवसही लिहिलं, एकदा तर १६७.

सरासरी एकशे बावन्न आली. डॉ. जयंतींनी मशीनची मेमरी तपासली आणि सही केली. डायरीला दोऱ्याने काहीतरी बांधलेलं पाहून त्या थांबल्या. गुलाबी चिठ्ठी होती. त्यांनी मोठ्याने वाचली:

"मशीन: दादू. बनावट: १९५९. दोष: दाब जास्त. जागा: किडनीजवळ. दुरुस्त करून तपासणीला परत पाठवणे."

स्टेंट बसला त्याला आता पाच आठवडे झाले. या चाचणीत निम्म्या लोकांचे स्टेंट पहिले तीन महिने बंद ठेवतात. कुणाचा चालू आहे हे पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. पप्पा रोज अर्धा तास पट्टा बांधून बसतात आणि येईल तो आकडा लिहितात. काल १४६ होता, आज १५१.

चिठ्ठी डॉ. जयंतींनी डिस्चार्जच्या दिवशी परत दिली. "आता सोडायची ना काका?"

"नाही बाई. परत तपासणी झाल्याशिवाय चिठ्ठी सुटत नाही."

ती आमच्या प्रेशरच्या मशीनला बांधलेली आहे. दंडाचा पट्टा फुगला की जराशी हलते.