चहाडखोर ठरलेला लॅपटॉप

मित्रांनो, शिंप्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर तोंडावर फडकं टाकलेलं जे धूड दिसतं, तो मी. जुना लॅपटॉप. माझं बोलणं तुम्हाला कडू लागेल. लागू दे. चहाड्या केल्या दुसऱ्यांनी आणि नाव बदनाम झालं माझं, मग मी गोड कशाला बोलू?

शिंपीकाम करणाऱ्या आमच्या मास्तरांच्या मुलीने मला दुकानात आणलं ते गिऱ्हाइकांना कोटांचे नमुने दाखवायला. त्याआधी मास्तर कोपरे दुमडलेली कळकट चित्रं दाखवायचे. मी आलो आणि दुकानाला शान आली. "हा आमचा नवा कारागीर," असं म्हणत मास्तर मला थोपटायचे. मीही फुशारून जायचो.

गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचं नाही, हा दुकानाचा नियम. नमुन्यांची कुठलीही साइट उघडली की आधी एक चौकट पुढे यायची. तिच्यात 'सगळं मान्य' हे बटण ठळक, आणि 'मान्य नाही' कुठेतरी खाली बारीक अक्षरांत. मुलगी म्हणायची, "बाबा, हे वाचत बसले तर गिऱ्हाईक उठून जाईल." मग सगळं मान्य करून ती मोकळी व्हायची. दर वेळी कुणीतरी परका माझ्या पोटात आपली खूण ठेवून जायचा. तिला कुकी म्हणतात. काही कुकी कामाच्या असतात, नाही असं नाही. पण या परक्या खुणा साइटमागून साइट आमचा माग काढायच्या आणि आम्ही काय पाहिलं ते आपल्या जाहिरातवाल्या मालकाला कळवायच्या.

आणि मग मास्तरांचे हात थरथरू लागले. एका दुपारी मुलगी बटणं आणायला गेली होती. मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि एका बोटाने माझ्यावर लिहिलं, 'हात थरथरतात कशाने'. बरीच पानं वाचली. चौकट आली की मुलगी करते तेच त्यांनीही केलं, मान्य, मान्य, मान्य. शेवटी हिस्टरी पुसली. "झालं साफ," ते मला म्हणाले. "डॉक्टरांना दाखवतो, मग पोरीला सांगतो. आत्ताच तिच्या जिवाला घोर नको." भोळे मास्तर! पुसली गेली फक्त पानांची यादी. खुणा होत्या तिथेच होत्या.

दुसऱ्या दिवशी एका नवऱ्या मुलाचा मामा लग्नाच्या कोटासाठी भारी कापड घेऊन आला. मुलीने नमुना उघडला, तर कोटाच्या शेजारी जाहिरात: थरथरत्या हातांवर उपाय. दुसरा नमुना उघडला, तिथेही तीच. मामाने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कुणाला झालंय?"

"काही नाही हो, जाहिराती काय, कुठल्याही येतात," मुलगी हसून म्हणाली. पण मामाने मागे वळून पाहिलं. मास्तर कातर घेऊन उभे होते आणि कातरीचं टोक हलत होतं.

"मास्तर, राग मानू नका. कापड महागाचं आहे," असं म्हणून मामाने घडी घातली आणि तो गेला. बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो? बाकीचीही गिऱ्हाइकं आपापली कापडं परत घेऊन गेली.

"बाबा, मला का नाही सांगितलं?" मुलगी रडत म्हणाली.

"सांगणारच होतो गं. माझ्या तोंडाने." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर फडकं टाकलं. ज्यांनी माग काढला त्यांचे चेहरे त्यांना दिसत नव्हते. माझा दिसत होता.

डॉक्टर म्हणाले, गळ्यातल्या ग्रंथीचा बिघाड आहे. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत हात पहिल्यासारखे झाले. परवा एक जुनं गिऱ्हाईक दारात थांबलं. मास्तरांनी उत्साहाने दोन्ही हात पुढे केले. "बघा, जराही हलत नाहीत!" तो म्हणाला, "असू दे, असू दे. आता आराम करा," आणि हातांकडे न बघताच समोरच्या दुकानात शिरला.

मित्रांनो, ती चौकट आली की क्षणभर थांबा आणि 'मान्य नाही' शोधून काढा. ब्राउझरमध्ये परक्या कुकींना बंदी घाला. हिस्टरी पुसाल तेव्हा कुकीही पुसा. एवढं करूनही सगळे डोळे मिटतील असं नाही, पण निदान काही तरी मिटतील. आपलं दुखणं आधी कुणाला सांगायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मास्तरांना ते आपल्या लेकीला सांगायचं होतं.