गाडी गिअरमध्ये होती

आतल्या खोलीत वाटी वाजली. पलंगाच्या लोखंडी पट्टीवर, हळू.

अनिसानं परातीतली कणीक तशीच सोडली. इरशाद आता हाक मारत नसे. मोठ्यानं हाक मारायची सवय गॅरेजमधल्या माणसाची, आणि गॅरेजचं शटर उन्हाळ्यापासून अर्ध्यावर अडकलेलं. ती पिठाच्या हातांनीच तांब्या घेऊन आत गेली, पण त्याला पाणी नको होतं. तो खिडकीकडं बघत होता.

"बाहेर कुणीतरी उभं हाय. लई वेळ झाला."

तिनं वाकून पाहिलं. हैदराबाद रोडला लागून त्यांचं आवार, आवाराच्या मागं या दोन खोल्या. ऑइल पिऊन काळ्या झालेल्या मातीत, ट्रकच्या स्प्रिंगांच्या तुटक्या पाट्यांच्या ढिगाजवळ एक माणूस चपला काढून उभा होता. चपला काढायची ती जागा नव्हती. तिथं लोखंडाचा चुरा पडलेला असे.

"बिराप्पा हाय," ती म्हणाली.

इरशादनं मान भिंतीकडं वळवली. मांडीच्या निम्म्यावर संपणाऱ्या पायावरची चादर नीट केली. मग म्हणाला, "येऊ दे."

बिराप्पा दहाचाकी ट्रक चालवायचा. मालकानं कधीच भंगारात घालायला हवी होती अशी गाडी. नळदुर्गच्या अलीकडं-पलीकडं कुठंही ती बंद पडून बसली की बिराप्पा तिला ढकलत, ओढत, इरशादच्याच दारात आणायचा. इरशाद कुठल्यातरी गाडीच्या खालूनच ओरडायचा, "घेऊन आला का म्हातारीला?" आणि बिराप्पा म्हणायचा, "म्हातारी हाय, पर तुमचं तोंड बघितल्याबिगर मरत न्हाय, मिस्त्री." चहा आतून जायचा. त्यांच्या पोरासाठी, सादसाठी, येरमाळ्याच्या जत्रेतली शिट्टी, कधी ढाब्यावरची बडीशेप बिराप्पाच्या खिशातून निघायची.

आता तो दाराच्या आत येऊन भिंतीला टेकून बसला. इरशादनं बस म्हटलं नव्हतं. बिराप्पा वाळला होता. दाढीत पांढरं आलं होतं.

रस्त्यावरून एक लोड गाडी घरघरत गेली. इरशादच्या ओठांवर काहीतरी येऊन गेलं, तिचा काय बिघाड आहे ते. सांगायला समोर कुणी नसल्यासारखं त्यानं तोंड परत भिंतीकडं केलं.

मग बिराप्पा बोलायला लागला, जमिनीकडं बघत. मालकानं त्याला काढलं, ते ठीकच. पण रोडवर बातमी पसरली होती. उमरग्यापासून सोलापूरपर्यंत कुणी त्याच्या हातात स्टेअरिंग देत नव्हतं. मिस्त्रीचा पाय घालवलेला ड्रायव्हर म्हणतात. बायको सखूबाई लोकांच्या रानात खुरपायला जाते, तिलाही बांधावर बायका तेच विचारतात. हे सगळं त्यानं तक्रारीसारखं सांगितलं नाही. एखाद्या तिसऱ्याच माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

"त्यासाठी आलो न्हाय म्या," तो म्हणाला. "मिस्त्रींचं म्हणणं खरं हाय. गाडी गिअरमंदी व्हती. त्याबिगर उडलीच नसती."



जुन्या गाड्यांचा हँडब्रेक धरत नाही. सगळेच ड्रायव्हर त्या गिअरमध्ये टाकून, चाकाला दगड लावून उभ्या करतात. हाताला लागलेली सवय. पण खाली मिस्त्री जाणार असेल तर गिअर काढायचा. मिस्त्री स्टार्टरला पाना टेकवून खालूनच इंजिन फिरवतो, आणि गिअरमध्ये असलेली गाडी दगडावरून उडी मारते, चाक खालच्या माणसावर. त्या दिवशी इरशादनं खाली सरकायच्या आधी ओरडून विचारलं होतं, न्यूट्रल हाय का? पाण्याच्या टाकीवर तोंड धुणारा बिराप्पा व्हय म्हणाला होता. सोलापूरच्या दवाखान्यात, शुद्धीवर आल्यावर, इरशादनं मालकाला एवढंच सांगितलं: गाडी गिअरमध्ये होती, ड्रायव्हर न्यूट्रल म्हणाला. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. बाकीचं लोकांनी आपापलं जोडून घेतलं.

"पर मला आठवतंय, भाभी." बिराप्पानं पहिल्यांदाच मान वर केली. "गिअर काढलेला हाताला आठवतोय. पयल्यांदा पक्कं आठवायचं. आता सगळे सांगून सांगून... आता वाटतं, काढलाच नसंल. सवयीनं राहिला असंल. डोकं फिरायची पाळी आली. तुमी त्या टायमाला भाईर आला व्हता. साद्याला जेवाय बोलवाय. तुमी काय बघितलं का? एवढंच इचारायला आलो."

अनिसाच्या बोटांवरची कणीक वाळत आली होती. ती एकेक पापुद्रा काढत राहिली.

ती बाहेर आली होती. साद केबिनमध्ये होता, ड्रायव्हरच्या सीटवर, पाय हवेत. रस्त्यावर पळू नये म्हणून त्याला तसंच वर बसवून ठेवायची पद्धत होती. तोंडानं हॉर्न वाजवत होता. बिराप्पाच्या गाडीचा गिअरचा दांडा पायजम्याच्या नाडीसारखा ढिला, असं इरशाद नेहमी हसायचा. सादच्या दोन्ही मुठी त्या दांड्यावर होत्या. तिच्यादेखत त्यानं सगळं अंग टाकून तो पुढं लोटला. खट्ट. "अम्मी, गाडी निघाली." तिनं हसून त्याच्या मुठी सोडवल्या, त्याला कडेवर घेतलं आणि आत आणून वरणभात कालवला. पहिला घास त्याच्या तोंडात होता तेव्हा बाहेरून आवाज आला.

दांडा कशासाठी असतो ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यावर, मालक आणि ड्रायव्हर लोक बोलत होते ते ऐकता ऐकता कळलं. तेव्हा साद तिच्या मांडीवर झोपला होता. तिनं ओढणीनं त्याचे कान झाकले होते.

"मी आत होते, भाऊ," ती म्हणाली. "चुलीपाशी. सादला मी आतूनच हाक मारली."

"गाडीकडं आलाच न्हाईत?"

"न्हाय."

बिराप्पानं मान हलवली. खूप वेळ हलवत राहिला. एखादं ओझं कुठं ठेवायचं ते शेवटी कळावं तसा त्याचा चेहरा सैल झाला, आणि तो तिला बघवला नाही.

"मंग म्याच," तो म्हणाला. "म्याच काढला नसंल."

तो उठला. पलंगापाशी गेला, जिथं पाय असायला हवा होता तिथं चादरीवर त्यानं दोन्ही हात टेकले आणि कपाळ लावलं. इरशादचा हात उचलला गेला, त्याच्या डोक्यावर थोडा थांबला, आणि परत पोटावर येऊन पडला.

"माफ करा, मिस्त्री."

"जा, बिराप्पा," इरशाद म्हणाला. "जा आता."

तो गेला. चपला घालायला विसरून आवाराच्या टोकापर्यंत गेला, परत आला, घालून गेला. अनिसा दारात उभी राहून बघत होती. त्याला हाक मारावी असं तिला वाटत होतं. हाक मारली तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते आज ना उद्या साद ऐकणार. मोठा होऊन एकदा तरी बापाच्या त्या पायाकडं बघणार. ती चौकटीला धरून उभी राहिली.

"अनिसा."

ती वळली. इरशाद छताकडं बघत होता.

"साद त्या दिवशी गाडीत होता, हे कुणाला बोलली न्हाईस ना?"

ती दोन पावलं आत आली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच बसवला होता त्याला," तो म्हणाला. "खाली जायच्या आधी माझे अब्बा स्वतः दांडा हलवून बघायचे. मी नुसतं विचारलं."

इतके महिने एका खोलीत दोघं आपापलं तोंड शिवून झोपत होते. ती त्याच्यापासून लपवत होती, तो तिच्यापासून. तिला वाटलं आपण त्याच्याजवळ जाऊन बसावं. पण बसली असती तर दोघांना एकमेकांकडं बघावं लागलं असतं. ती परातीपाशी आली. कणकेवर खपली धरली होती. तिनं पाण्याचा हात लावला आणि मळायला लागली, गरजेपेक्षा जोरात.

बाहेर पावलं वाजली. साद शाळेतून आला होता, पाठीवरचं दप्तर अजून त्याच्यापेक्षा मोठं. बूट न काढताच तो तिच्या पाठीला येऊन चिकटला. मुठीत बडीशेपेची पुडी होती.

"अम्मी, बिराप्पाचाचा भेटले. रस्त्यात." त्यानं हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली. "रडत होते. मला म्हणाले, तुज्या अब्बाचा पाय माज्यामुळं गेला, मला बोल लाव. मी म्हटलं, का?"

तिचे हात परातीत थांबले. आत पलंग करकरला.

"अम्मी, चाचांनी काय केलं होतं?"